तीन भोकं माझी, दोन जुनी

“हात दाखवा.”

वाचनालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं स्वागत असं झालं. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, बी.ए.ला पहिला वर्ग मिळवल्याची हवा अजून डोक्यातून उतरली नव्हती, आणि दाराशी स्टुलावर बसलेला एक काटकुळा माणूस मला तिसरीतल्या पोरीसारखे हात पुढे करायला सांगत होता. मी चिडले. मला चिडायला फारसं काही लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

“कशाला?” मी विचारलं.

“नखात माती हाय. मेथी निवडून आलात. तिकडं नळ हाय.”

मेथी नव्हती, कोथिंबीर होती. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. सकाळी वडिलांबरोबर कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या आणि तशीच सायकल मारत आले होते. मुकाट्याने नळावर गेले, हात धुतले. परत आले तर म्हणाले, “पुसा.” पुसायला स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं पुढे केलं. एवढं झाल्यावर मग विचारलं, “कोणतं पुस्तक?”

हे आमचे काका. सगळेच त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही तेवढंच म्हणते. हुद्दा शिपायाचा, पण खरं काम बाइंडिंगचं. वाचनदालनाच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे त्यांचा शिकंजा, म्हणजे पुस्तकं दाबून धरायचा लाकडी साचा, दाभण, सुतळ्या, पुठ्ठे आणि स्टोव्हवर खळ शिजवायचं भगुलं. खळीत मोरचूद किती घातलं की कसर लागत नाही आणि किती घातलं की पान हिरवं पडतं, यावर ते अर्धा तास बोलू शकत. एरवी बोलणं बेताचंच. रोज सकाळी सायखेड्याहून एसटीने यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. तीस वर्षं नोकरी केली, पण नाशिकात एक रात्र राहिले नाहीत, असं अभिमानाने सांगायचे. का, ते विचारलं की म्हणायचे, “गंगा दिसाया पाहिजे.” अहो, गंगा म्हणजे गोदावरी नाशकात पण आहेच की! “ती तुमची,” ते म्हणत.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, की राहू द्यायची नसत, कोण जाणे. वाचकांना ते विषयावरून हाक मारत. एक निवृत्त मामलेदार होते, ते ‘किल्लेवाले’. जुन्या नाटकांवर टिपणं काढणारे एक प्राध्यापक ‘नाटकवाले’. मी मळ्यांवर काहीबाही वाचते म्हटल्यावर मी ‘मळेवाल्या ताई’ झाले ती कायमची. पुढे माझं लग्न झालं, आडनाव बदललं, नोकरी लागली, पण काकांच्या लेखी काही फरक पडला नाही.

पुस्तक शोधायची त्यांची रीत तर विचारूच नका. एकदा पुण्याहून एक विद्वान आले होते. जाकीट, डायरी, सगळा थाट. त्यांनी ग्रंथाचं नाव सांगितलं. काकांनी विचारलं, “उंच किती?”

“काय?”

“पुस्तक. वीतभर, का वीत अन् चार बोटं?”

“अहो, मी विषय सांगतोय ना तुम्हाला!”

“विषय आतमंदी असतो,” काका म्हणाले. “कपाटात उंचीच असते.”

मी कोपऱ्यात बसून तोंडात पदर कोंबला होता, शप्पथ. पण पाच मिनिटांत काकांनी ते पुस्तक आणून त्यांच्यापुढे ठेवलं, हात धुवायला लावून. कार्डांच्या कपाटात ते शोधायला गेले असते तर दुपार गेली असती.

पुस्तकं मात्र ते वाचत नसत. पहिलं पान आणि शेवटचं पान, बस. कधी विचारलं तर म्हणायचे, “टोकं माझी. मधलं वाचायला तुम्ही हायेत की.” त्यांना पुस्तक कसं कळायचं? जाडीने, वजनाने, कागदाच्या आवाजाने. पान कानाशी धरून टिचकी मारायचे आणि सांगायचे, हा कागद भिजून वाळलाय. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पुस्तकाची जाडी धरायचे आणि पानांचा आकडा सांगायचे. दोन-चार पानांपलीकडे कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

त्या वेळच्या ग्रंथपालसाहेबांनी त्यांना एकदा कोरी वही दिली. म्हणाले, “काका, तुमच्या डोक्यात जे जे आहे ते यात उतरवून ठेवा. उद्या तुम्ही निवृत्त झालात तर आम्ही काय करायचं?” काकांनी वही घेतली. महिन्याभराने परत आणून दिली. तिला नवी पाठ लावलेली, कोपऱ्यांना कापड, शिवण अशी की वही तळव्यावर उघडावी तर सपाट. आणि आत एक अक्षर नाही. “शिवण लय कच्ची होती,” ते म्हणाले. “आता टिकंल.” साहेबांनी कपाळावर हात मारला. आम्ही हसलो. हसायला नको होतं, हे मला पुढे कळलं.

*

मग वाचनालयात स्कॅनर आले. कुठलीशी मोठी योजना होती, जुनी पुस्तकं संगणकावर चढवायची. वाचनदालनातली दोन टेबलं भिंतीशी सरकवली, तीन ऑपरेटर बसले, काळ्या कापडाचे पडदे लागले. काका दिवसभर त्या पडद्याबाहेर फेऱ्या मारत. ऑपरेटरांची अडचण अशी की जाड बाइंडिंग काचेवर सपाट पडत नव्हतं, मधल्या घडीत अक्षरं बुडत होती. त्यांनी सरळ मार्ग काढला. पुस्तकांच्या पाठी कटरने कापायच्या, पानं सुटी करायची, झालं.

पहिल्या पुस्तकाची पाठ कापली गेली तेव्हा काका पडदा बाजूला करून आत शिरले. मी तिथेच होते. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

“कापायचं नाय. म्या शिवलंय, म्या उसवीन.”

आणि त्यांनी उसवलं. पाच-सहा महिने रोज सकाळी ते पुस्तकं उसवून द्यायचे आणि दुपारनंतर परत शिवायचे. हात सुजायचे त्यांचे. वर त्यांनी आणखी एक हट्ट धरला. चित्रात पानाची कड यायला हवी, नुसती अक्षरांची चौकट कापून घ्यायची नाही. ऑपरेटर म्हणाले, काका, कडेला काय आहे? कोरं तर आहे. “कड बी पुस्तकाचीच हाय,” काका म्हणाले. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा कड घेणं सोपं होतं, म्हणून त्यांनी कडा घेतल्या.

मला वाटलं होतं काका त्या यंत्राचा राग करतील. उलटंच झालं. पहिल्यांदा संगणकाच्या पडद्यावर पान उमटलेलं पाहिलं तेव्हा ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. “आता याला हात लागत नाय,” ते मला म्हणाले. “कुणी थुंकी लावून उलटलं तरी पानाला काय होत नाय. लय भारी काम हाय, ताई.” माणूस इतका खूश झालेला मी क्वचित पाहिला.

योजना संपली तसे काका निवृत्त झाले. निरोप समारंभाला थांबले नाहीत, एसटीची वेळ झाली होती. जुनी पुस्तकं गोण्यांत बांधून माळ्यावर गेली. नवी इमारत झाली की उघडू, तोवर कुणासाठीच नाही, असं ठरलं. इमारत काही वर्षं ठरतच राहिली.

*

आणि नेमक्या त्या काळात मला त्यातलं एक पुस्तक हवं झालं.

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. निफाडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते आणि सुट्टीत कळवणच्या बाजूला एका गावात जात होते. तिथे नदीवर जुना बंधारा, त्याचा पाट, आणि पाटावर भाजीपाल्याचे मळे. पाटाचं पाणी कुणी कधी घ्यायचं त्याचा क्रम ठरलेला असे. त्याला गावात ‘बारी’ म्हणतात. त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी मला एक गोष्ट सांगितली. जमीन पुरुषांच्या नावावर, पण पाण्याची बारी घरातल्या बाईच्या नावावर असायची. दहा जणींनी सांगितलं. मला रात्रभर झोप आली नाही इतका आनंद झाला. माझा अख्खा प्रबंध त्या एका गोष्टीवर उभा राहणार होता.

माझे गाइड सर सज्जन, पण कागदाचे भोक्ते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. “छान आहे. पण ऐकीव आहे. आजीबाईंच्या गप्पांवर प्रकरण उभं राहत नाही. कागद दाखव.”

कागद होता. म्हणजे असायला हवा होता. वाचनालयाच्या जुन्या दाखल-रजिस्टरात स्वच्छ नोंद होती. त्याच पाटाच्या पंचांनी छापलेलं, बाऱ्यांचे नियम आणि बारीदारांच्या यादीचं छोटं पत्रक, सोळा पानांचं. नोंद आहे, पुस्तक माळ्यावर गोणीत. पण स्कॅन झालंय ना! मग काय, बसले सायबर कॅफेत.

ज्यांनी त्या काळात असं काही शोधलं असेल त्यांनाच ते दुःख कळेल. संकेतस्थळ दुपारी बंद पडायचं. एकेक पान वेगळं उघडायचं, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर. पान उतरेपर्यंत शेजारच्या खोपटातला मुलगा दोन लढाया जिंकायचा. पत्रकाचं नाव टाकलं, काही नाही. गावाचं टाकलं, नदीचं टाकलं, पंच, पाट, बारी, पाणी. काही म्हणजे काही नाही. वाचनालयाची सगळी यादी उघडून नावं वाचत गेले, दोनदा. पत्रक नव्हतंच. नव्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, “गहाळ झालं असेल हो. जुनी गोष्ट.” मी दोन वर्षं अशी घालवली. प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. सर म्हणाले, ते प्रकरण काढून टाक आणि बाकीचं दे. ते प्रकरण काढलं तर बाकी काय उरत होतं? मळ्यांची वर्णनं. घरी येऊन मी भांडी आपटली.

या दोन वर्षांत मला काकांची आठवण एकदाही झाली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते. मला वाटायचं, ते तर बाइंडर, संगणकातलं त्यांना काय विचारायचं? शेवटी एक दिवस निफाडहून घरी न जाता सायखेड्याची एसटी धरली. कशासाठी, तेही नीट ठरवलं नव्हतं.

काका ओसरीवर भजनी मंडळाच्या वह्या शिवत होते. मला बघून म्हणाले, “या, मळेवाल्या ताई.” हात दाखवायला सांगितलं नाही, म्हणजे पाहुणी म्हणून आले होते. काकूंनी चहा दिला. मी सगळं रडगाणं गायले. पत्रकाचं नाव सांगितलं.

“पातळ? वीतभर उंच?” काकांनी विचारलं. “पिवळा कागद?”

“मी पाहिलंच नाही हो ते. सोळा पानं आहेत एवढं माहीत आहे.”

“हाय ना. म्या शिवलंय ते.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी कप खाली ठेवला. पातळ चोपडी एकटी शिवली तर टिकत नाहीत, कपाटात वाकतात, मागे पडतात. म्हणून काका एका मापाची दहा-पंधरा चोपडी एकावर एक रचून, तीन भोकं पाडून, एकत्र शिवायचे. विषय कुठलाही असो, माप एक हवं. सगळ्यात जाड मुखपृष्ठाचं चोपडं वर, कारण ते बाकीच्यांना सांभाळतं. पाठीवर नाव त्या वरच्याचं. आणि बाकीची कुठे आहेत ते काकांच्या डोक्यात. कुणी मागितलं की ते बरोबर तो गठ्ठा काढून, बरोबर ते पान उघडून देत. तीस वर्षं कुणाला कळलंही नव्हतं की पुस्तक गठ्ठ्यात आहे.

“काका,” मी म्हटलं, “संगणकावर एकेका गठ्ठ्याला एकच नाव आहे. वरचं.”

“मंजी?”

“म्हणजे ऑपरेटरांनी पहिलं पान बघून नाव टाइप केलं. आतली कुणाची नावंच नाहीत कुठे.”

काका दाभण हातात धरून बसले. मग ते बाजूला ठेवलं. “ती पोरं टकटक काय लिवत्यात, ते म्या कधी इचारलंच नाय,” ते म्हणाले. “म्या गाडली की ओ ती सगळी.”

मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर ते उठून आत गेले आणि काकूंना सांगितलं, “उद्याच्याला भाकरी बांध. नाशकाला जायचंय.”

*

अशोकस्तंभाजवळच्या सायबर कॅफेत काका आले तेव्हा धुतलेला सदरा, टोपी, हातात फडकं. आल्या आल्या मालकाला विचारलं, नळ कुठं? हात धुऊन आले आणि माझ्याकडे बघत राहिले. मीही धुऊन आले. मग त्यांनी फडक्याने माउस पुसला, टेबल पुसलं. मालक म्हणाला, “मॅडम, आजोबांना सांगा, कीबोर्डवर पाणी नको.” काकांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. तो वडापाव खात होता. “जा, धुऊन या,” काका म्हणाले, आणि तो खरंच गेला.

अडचण एकच होती. वरचं चोपडं कोणतं, ते काकांना आठवत नव्हतं. शेकड्यांनी गठ्ठे होते. कपाटासमोर उभं केलं असतं तर हात आपोआप गेला असता, पण इथे कपाट नव्हतं, उंची नव्हती, काहीच नव्हतं. ते पडद्याकडे बघून हताश झाले. “यात जाडी कुठं दिसती?” त्यांनी विचारलं.

जाडी दिसत नव्हती. पण पानांचा आकडा दिसत होता.

“नाव वाचा आन् पानं वाचा,” काका म्हणाले. डोळे मिटले आणि अंगठा-तर्जनी समोर धरली. मी वाचायला लागले. नाव, पानं, नाव, पानं. प्रत्येकाला त्यांची चिमूट थोडी उघडायची, थोडी मिटायची. “बरोबर. बरोबर. बरोबर. पुढं.” आजूबाजूची पोरं खेळ थांबवून बघायला लागली होती.

“गुरांचे रोग व घरगुती उपाय. पानं चारशे बारा.”

“खोटं!” काकांनी डोळे उघडले. “ते चोपडं एवढंच हाय.” त्यांनी चिमटीत चिमणीची चोच राहील इतकी जागा दाखवली. “चारशे कुठून आली? याच्या पोटात दुसरी हायेत.”

दोन वर्षं ती यादी मी वाचत होते, आणि पानांच्या रकान्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. नावापेक्षा पुस्तक जाड कसं, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

दुपारपर्यंत असे बावीस लबाड गठ्ठे निघाले. एकेक उघडत गेलो. गुरांच्या रोगांमागे दोन संगीत नाटकं, एका शाळेचा अहवाल, मंगलाष्टकं. व्यायामाच्या पुस्तकामागे कापसावरचं व्याख्यान. काका प्रत्येक चोपडं निघालं की जुनी ओळख निघाल्यासारखे हसायचे. पण पत्रक निघेना. चार वाजले. काका घड्याळाकडे बघायला लागले, एसटी होती.

“लोणची व मुरंबे,” मी वाचलं. “पानं तीनशे चाळीस.”

“लोणच्यावर तीनशे चाळीस पानं कोण लिवंल ओ?”

लोणची अठ्ठेचाळिसाव्या पानावर संपली. पुढे आरत्या, मग एक विम्याची माहिती, मग कुणाचं तरी मानपत्र. आणि दोनशे सतराव्या पानावर पिवळा कागद, वर गावाचं नाव, पाटाचं नाव. मी पुढचं पान मागितलं. ते वरून खाली सुतासुताने उतरायला लागलं. नियम. पुढचं पान. नियम. आणि मग यादी. सोनूबाई. गंगूबाई. तुळसाबाई. रखमाबाई. नावापुढे प्रहर, त्यापुढे शेताची खूण. बायका, सगळ्या बायका. मी भर कॅफेत हमसून रडायला लागले. लाज नाही, काही नाही.

काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते पडद्याला नाक लावून पानाच्या कडेकडे बघत होते. “बघा बघा,” ते म्हणाले, “तीन भोकं माझी, दोन जुनी. तारंचे टाके होते याला. गंज दिसतोय? म्या नखानं काढली ती तार.” आणि घड्याळ बघून, चप्पल घालून, एसटीला पळाले. आत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. मधलं वाचायला मी होते ना.

नंतरचे कित्येक रविवार मी सायखेड्याला गेले. मी नावं आणि पानं वाचायची, कुणाच्या पोटात दुसरी आहेत ते काकांनी सांगायचं, मग मी संगणकावर उघडून आत कोण ते लिहायचं. त्या यादीच्या प्रती मी योजनेच्या कार्यालयाला पाठवल्या, वाचनालयाला दिल्या, ज्याने मागितली त्याला दिल्या. आजही माझे विद्यार्थी ती वापरतात. पण ते पुढचं.

*

माझी खुली मौखिक परीक्षा पुण्याला होती. वडील मळा सोडून येणार नव्हते. नवऱ्याला रजा नव्हती. मी काकांना विचारलं, येता का? ते म्हणाले, “संध्याकाळी परत येऊ ना?” येऊ म्हटल्यावर आले. मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. बाकीचं सगळं नीट पार पडलं आणि मग त्यांनी यादीच्या पानाची छापील प्रत उचलली. तिच्याखाली पत्रकाची बाकीची पानं आणि लोणच्याचं पहिलं पानही मी जोडलेलं होतं.

“बाई, तुमचं सगळं प्रकरण या पानांवर उभं आहे. संकेतस्थळावर हे लोणच्याच्या पुस्तकाचं पान आहे. मूळ प्रत तुम्ही पाहिलेली नाही. ही पानं त्याच पत्रकाची, अखंड, आणि मध्ये कुणी दुसरं काही घुसवलेलं नाही, हे मी कशावरून मानायचं?”

सर खाली बघायला लागले. मी काहीतरी दाखल-रजिस्टराबद्दल बोलले, ते परीक्षकांना पटलं नाही, ते मलाही दिसलं. तिसरी मुदत नव्हती. सगळं तिथेच संपणार होतं.

“म्या शिवलंय ते,” मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. काका उठून पुढे आले. परीक्षकांच्या हातातली प्रत मागितली. क्षणभर मला धडकी भरली की आता हे त्यांना हात दाखवायला सांगतात. पण त्यांनी नुसतं कडेवर बोट ठेवलं.

“ही तीन भोकं माझी. सगळ्या गठ्ठ्याला हायेत, लोणच्याला बी. ही दोन जुनी, गंजाची. ती फकस्त या सोळा पानांना हायेत. पयल्यापासून सोळाव्यापर्यंत एका जागी. लोणच्याची जुनी भोकं येगळी, ती वरती हायेत, बघा. मधी कुणी पान घातलं असतं तर त्याला गंज कुठून आला असता?”

परीक्षकांनी चष्मा लावला. सोळाही पानं एकावर एक ठेवली, उजेडासमोर धरली. मग लोणच्याचं पान धरलं. भोकांवरून बोट फिरवलं. मग ते हसले, अगदी मोकळं. “बाई, हे तुम्ही प्रबंधात का नाही लिहिलंत?”

“लिहिते, सर,” मी म्हटलं.

परीक्षकांनी काकांना खुर्ची दिली. “आजोबा, तुम्ही हे पत्रक वाचलंत?”

“नाय. टोकं बघितली.”

“यात लिहिलंय की तिकडे पाण्याची बारी बायकांच्या नावावर असायची.”

“असायचीच की,” काका म्हणाले. “माझी आजी, आईची आई, त्याच पाटावरची. बारी तिची होती. आजोबा तिला इचारून पाणी घ्यायचा. भांडण झालं की ती द्यायची नाय. मंग तो आमच्याकडं येऊन बसायचा.”

सभागृह हसलं. मी नाही हसले. मी सगळं विसरून, परीक्षा विसरून ओरडले, “काका! दोन वर्षं मी यासाठी वणवण करतेय! तुमच्या ओसरीवर इतके रविवार बसले! एकदा तरी सांगायचं!”

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते.

“तुम्ही कागद मागितला ना, ताई,” ते म्हणाले. “आजी कुठं मागितली?”

बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माझे गाइड सर उठून काकांच्या शेजारी येऊन बसले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं, माझ्या प्रबंधाची प्रत शेवटच्या कोऱ्या पानावर उघडली.

“आजींचं नाव काय होतं?” त्यांनी विचारलं.

“ठकूबाई,” काका म्हणाले, आणि सरांनी ते लिहून घेतलं.